'सय' येणं म्हणजे नेमकं काय? तुमच्या घरचा अनुभव लिहा

परवा पोरीला म्हणलं आज मायची लई सय यायलीय, तर ती म्हणती सय म्हणजे काय. आठवण म्हणून सांगितलं पण मलाच पटलं नाही. आमची माय (जनाबाईच्या गंगाखेडची) म्हणती आठवण काढावी लागती, सय आपली आपण येती, भाकरी थापता थापता हात थांबला की समजायचं. तुमच्याकडं हा शब्द अजून आहे का? कधी वापरता? सविस्तर लिहा.

– आहे की! अंबाजोगाईकडं श्रावण लागला की सासुरवाशिणीला माहेराची सय यायची, पंचमीला मुराळी न्यायला यायचा. आता भाऊ फोनवरच म्हणतो ये, पण मी अजून दाराकडं बघतेच.

– आमचं गाव किल्लारीजवळ. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे भूकंप झाला, आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते. घरातली चार माणसं माळवदाखाली गेली. नंतर नव्या गावात सिमेंटचं घर मिळालं, रस्ते सरळ, सगळं नीट, पण आजोबा रोज सांजच्याला जुन्या गावाकडं तोंड करून बसायचे आणि काय झालं विचारलं की म्हणायचे, माळवदाची सय यायली बघ, उन्हाळ्यात कसं गार असायचं. गेलेल्या माणसांचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. त्यांना त्या मातीच्या छताची सय कशी यायची हे मला लई उशिरा कळलं.

– बीड. आमच्यात सय नाही म्हणत, 'करमंना' म्हणतात. दिवाळी झाली की मायबाप ऊसतोडीला जायचे, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिललाच परत. मी आज्जीपाशी. माय जाताना जुनं लुगडं ठेवून जायची, त्याला चुलीच्या धुराचा वास होता, तेच उशाला घ्यायचो. आज्जीनं एकदा धुऊन टाकलं तर दिवसभर जेवलो नाही.

– संभाजीनगर. आमच्या घरी दखनी बोलतात, 'अम्मी की याद आरी'. पण शेजारच्या काकूंमुळं सय माहितीय.

– उचकी लागली की आमच्यात म्हणतात कोण सय काढायलंय रे. म्हणजे सय काढतात बी!

– उचकीचं खरंय हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. मायला उचकी लागली की ती आधी मला फोन लावती, मग पाणी पिती.