गोल्फ : सरावात हात चालतो, पहिल्या टीवर आखडतो. उपाय सुचवा

सासष्टीकर
नमस्कार मंडळी. वय ४९, मडगावला राहतो. सरावात सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी डोक्याच्या काठीने) चेंडू सरळ जातो. पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीचा फटका मारायच्या जागी, मागे चार माणसं उभी राहिली की खांदे ताठ होतात. एक होल बिघडलं की पुढची तीनही जातात. घरी आल्यावर कुणाशी धड बोलत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. खेळ मनापासून आवडतो. ३,००० रुपयांत काय करता येईल? पुस्तक, अ‍ॅप, शिकवणी, काहीही. नवीन क्लब (काठ्या) नकोत.

बर्डी_बार्देश
ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब, बदला. मी ५२ हजारांचा घेतला, ४६० सीसी, नियमात याहून मोठं डोकं चालत नाही. खाली बघितलं की चेंडू चुकेल असं वाटतच नाही. भीती गेली ती गेलीच.

फोंड्याची_माई
क्लब नकोत असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय. विपश्यना करा. इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर असतं, शुल्क नाही, शेवटी इच्छेनुसार दान. माझा भाऊ कॅरममध्ये हरला की जेवत नसे, आता हसत उठतो.

बर्डी_बार्देश
माई, दहा दिवस रजा कोण देणार?

पेडण्याचा_पटर
रजा लागत नाही. चेंडूमागे उभं राहा, कुठे पाडायचा ती जागा ठरवा, एक लांब उच्छ्वास, मग चेंडूशी जा आणि मारा. दर वेळी हाच क्रम. उच्छ्वास लांबला की नाडी खाली येते, खांदेही सैल पडतात. एकदा चेंडूशी गेलात की कोपर, मनगट काही आठवायचं नाही. ते सरावाचं काम. आणि रेंगाळू नका, नियमांतही एका फटक्याला ४० सेकंदांची शिफारस आहे. मागचे लोक उसासे टाकतात ते वाईट फटक्यामुळे नाही, उशिरामुळे.

डिचोलीकर
मनाचं काही खरं नसतं. १९९९ची ब्रिटिश ओपन, कार्नुस्टी. व्हॅन दे वेल्द या खेळाडूला शेवटच्या होलवर तीन फटक्यांची आघाडी. सहात संपवलं असतं तरी जिंकला असता. सात लागले, बरोबरी झाली आणि जादा होल्सच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. घाबरला!

पेडण्याचा_पटर
घाबरला नाही हो. घाबरलेला माणूस तिथे ड्रायव्हर काढत नाही. चेंडू कसाबसा वाचला, तरी पुढच्या फटक्याला पुन्हा ग्रीनकडेच रोख धरला. तो गॅलरीच्या लोखंडाला आपटून मागे गवतात, तिथून ओढ्यात. मन सांभाळणं म्हणजे नुसती भीती घालवणं नाही. जास्तीची हौसही आवरावी लागते.

डिचोलीकर
तेच म्हणतोय मी.

काणकोणची_लेक
सासष्टीकरकाका, स्टेबलफर्ड पद्धतीने गुण मोजा. पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांत संपवलं तर) २, बोगीला (एक फटका जास्त) १, डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट म्हणजे ०. शून्य झालं की चेंडू उचला, पुढे चला. दहा फटके गेले तरी नुकसान तेवढंच, म्हणून एका होलचा राग दुसऱ्यावर जात नाही. बिघडलेलं मागे टाकता येतं. रोरी मॅक्लरॉयने २०११च्या मास्टर्स स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी असताना शेवटच्या दिवशी ८० मारले. दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकली. आमच्याकडे राजबागेच्या कोर्सवर या. नऊच होल आहेत, पण प्रत्येकाला दोन टी, त्यामुळे १८ खेळता येतात.

फोंड्याची_माई
ते उच्छ्वासाचं मी आधीच सांगितलं होतं. विपश्यनेत श्वासच असतो.

बाणावलीचा_वारा
मोबोरला जा, बारा होलचा पार-३ कोर्स, म्हणजे सगळी होल्स छोटी. ड्रायव्हरचा प्रश्नच मिटला. मला मात्र एका ठिकाणी चेंडू शोधताना मागच्यांनी ओरडून हैराण केलं. पाच मिनिटं हक्काची असतात.

काणकोणची_लेक
२०१९पासून तीनच मिनिटं.

सासष्टीकर
सगळ्यांचे आभार. माई, शिबिर यंदा जमणार नाही. स्टेबलफर्ड पटलं, पण शून्य दिसलं तरी मी तेच घोकत बसेन, स्वतःला ओळखतो. काही महिने गुणांचं कार्डच ठेवणार नाही. पाच आयर्न, सात आयर्न, वेज (चेंडू उंच उचलणारा क्लब) आणि पटर (ग्रीनवर चेंडू ढकलायचा क्लब) एवढंच घेऊन संध्याकाळी उशिरा, मागे कुणी नसताना खेळणार, मुलीला बरोबर नेऊन. पैसे कोर्सच्या फीला. पटरदादा, उच्छ्वासाचा क्रम मात्र आजपासून.

पेडण्याचा_पटर
मागे माणसं नसतील तर माणसांची सवय कधी होणार? महिन्यातून एकदा तरी चौघांत खेळा.

सासष्टीकर
दिवाळीनंतर बघू. आधी खेळून हसत घरी यायचंय.

बर्डी_बार्देश
रविवारी माझा ड्रायव्हर आणतो. एकदा मारून तर बघा.