एक्सपाथने (एक्सएमएल फायलींत शोधायच्या भाषेने) परिच्छेद मिळतो, पण त्यातली शब्दाची जागा कशी काढायची?

प्रश्न: हस्तलिखितांच्या एक्सएमएल (टॅग लावलेल्या मजकुराच्या) फायलींत शब्द शोधतेय. 'कंटेन्स' या फंक्शनने शब्द असलेला परिच्छेद मिळतो, पण शब्द त्यात कितव्या अक्षरापासून सुरू होतो ते हवंय. 'पोझिशन' भलताच आकडा देतं. शिवाय काही शब्द डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत!

उत्तर: 'पोझिशन' म्हणजे नोडचा (फायलीतल्या टॅगचा किंवा मजकुराच्या तुकड्याचा) क्रम, अक्षरांशी त्याचा संबंध नाही. 'सबस्ट्रिंग-बिफोर'ने आधीचा मजकूर काढा, त्याची लांबी मोजायला 'स्ट्रिंग-लेंग्थ' लावा, त्यात १ मिळवा. शब्द नसला तरी उत्तर १ येतं, म्हणून 'कंटेन्स'ची अट राहू द्या.

दुसरं उत्तर: अटीत 'टेक्स्ट' लिहिलंय ना? एक्सपाथ १.० मग पहिलाच टेक्स्ट नोड, म्हणजे मजकुराचा पहिला सलग तुकडा, तपासतं. मध्ये ठळक अक्षरांचा टॅग आला की पुढचं सगळं सुटलं. त्याजागी नुसता टिंब द्या, म्हणजे आतल्या टॅगांसकट सलग मजकूर धरला जातो. टॅगने मधोमध तोडलेला शब्दही मग सापडतो. आणि हो, 'नॉर्मलाइझ-स्पेस'चा मोह आवरा. इंडेंटेशनच्या (ओळींच्या सुरुवातीला सोडलेल्या) मोकळ्या जागा आकसल्या की मूळ फायलीतले आकडे जुळणार नाहीत.

प्रश्नकर्ती: टिंबाने काम झालं, आभार! पण 'स्ट्रिंग-लेंग्थ' 'स्त्री'ची ६ अक्षरं कशी मोजतं?

दुसरं उत्तर देणारा: एक्सपाथ युनिकोड चिन्हं (संगणकात साठवलेलं प्रत्येक सुटं चिन्ह) मोजतं: स, हलंत, त, हलंत, र, वेलांटी. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं लांबी मोजणारं 'लेन'ही ६च सांगेल, त्यामुळे आकडा तिथे चालतो. फक्त १ वजा करा, पायथॉन शून्यापासून मोजतं.