मदत हवी आहे : २७ मिनिटांचा सलग ॲम्बियंट ट्रॅक प्रकाशित कसा करावा?

नमस्कार मंडळी,

हे संगीत विभागात विचारावं की तंत्रज्ञान विभागात, या विचारात दोन दिवस गेले. जागा चुकली असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

मी मिरजेचा. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, रात्री लॅपटॉपवर ॲम्बियंट आणि थोडंफार प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. ठेका नाही, शब्द नाहीत, एक नाद सावकाश बदलत जातो. घरचे त्याला ‘तुझं ते घूं’ म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांच्या दुकानात चार दुपारी बसून रेकॉर्डिंग केलं. भोपळ्याच्या पाठीला नाण्याएवढी पिएझो चकती (कंप पकडणारा चिकटवायचा माइक) चिकटपट्टीने लावली आणि वायर रेकॉर्डरला. चाचा तार बाजूला सरकवायचे, घोडीवर कानस दोनतीनदा फिरवायचे, तार जागेवर आणून छेडायचे, नाही म्हणून मान हलवायचे, की परत कानस. जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंज, लागेपर्यंत हेच. दुकानात बसून ऐकलं तर ते नुसतं खर्रखर्र आहे. भोपळ्याच्या आतून मात्र ओल्या वाळूवरून जड पोतं ओढत न्यावं तसं येतं, आणि मागे चारही तारा न छेडताच हलत असतात. त्या कानशीचे बारीक कण केले, जोडाच्या तारा ताणून लांबवल्या, पत्र्यावरचा पाऊस ठेवला. झाला २७ मिनिटांचा तुकडा. मधे कुठे थांबत नाही, थांबवला तर त्यात काही राहत नाही.

स्ट्रीमिंगवर गाणी पोचवणाऱ्या एका कंपनीची वर्षाची वर्गणी भरून तो पाठवला. नऊ दिवसांनी उत्तर आलं : हा निसर्गध्वनी प्रकारातला मजकूर आहे, स्वीकारता येत नाही. मी लिहिलं की कानस निसर्गात उगवत नाही. परत तेच उत्तर, खाली सही वेगळी. एका मित्राचं म्हणणं, चार-चार मिनिटांचे सात तुकडे कर, नावं दे, घेतील.

तर, तोडू का? बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार जिथे आपलं संगीत थेट विकतात त्या साइटवर, सलग चढवता येईल का? माझी फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची आहे, साडेचारशे एमबीच्या वर जाते. परदेशातून कुणी घेतलाच तर पैसे हातात कसे येतात? आवाजाची सरासरी पातळी उणे २४ एलयूएफएस (ऐकू येणारा मोठेपणा मोजायचं एकक) आहे, ती वाढवायची का? आणि चाचांची लेखी परवानगी लागेल का? रेकॉर्डिंग करू दिलं, पण ‘प्रकाशित करतो’ असं मी तेव्हा म्हटलं नव्हतं.

प्रतिसाद : खर्जातला

तोडू नका. मी अशा चार गोष्टी काढल्या आहेत, त्यामुळे हिशोब सांगतो.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. तुमची २७ मिनिटं आणि कुणाची अडीच मिनिटं, दोन्ही एकच. मित्र तोडायला सांगतोय तो यासाठीच. पण २०२४ पासून वर्षात १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला तिथे रॉयल्टीच मिळत नाही. सात तुकडे केलेत तर प्रत्येकाचे हजार व्हायला हवेत. आपल्यासारख्यांचे सातांचे मिळून होत नाहीत. नुसत्या पावसाचे, पंख्याचे ट्रॅक हजारोंनी चढवून पैसे काढणाऱ्यांमुळे या कंपन्या खुरखुर ऐकली की दार लावतात. त्यात तुमची कानस सापडली.

बँडकॅम्पवर नव्या खात्याला एका ट्रॅकसाठी २९१ एमबीची मर्यादा आहे, थोडी विक्री झाल्यावर ती ६०० होते. २४ बिट, ४८ ला मिनिटाला साधारण १७.३ एमबी, म्हणजे २७ मिनिटांचे ४६७. बसत नाही. फ्लॅक (काही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) करून बघाल, पण पाऊस म्हणजे गणिताच्या दृष्टीने निव्वळ गोंगाट, तो फारसा दाबला जात नाही. तंबोऱ्याचा भाग छान आकसेल, पावसाचा हटून बसेल. १६ बिट, ४४.१ ला आणलंत तर मिनिटाला १०.६ एमबी, एकूण २८६. पाच एमबी राखून बसतंय! बिट उतरवताना डिदर (मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक गोंगाट) लावा, नाहीतर शेवटी नाद विरतो तिथे करकर येईल. अशा संगीतात ती लगेच कळते.

पातळी वाढवू नका. स्पॉटिफाय सगळं उणे १४ च्या आसपास आणायला बघतं, बँडकॅम्प हात लावत नाही. फक्त ३० हर्ट्झच्या खालची घुरघुर कापा. पिएझोतून ती फार येते आणि कानाला न कळता आवाजाच्या पातळीतली जागा खाते.

प्रतिसाद : पूर्वेचा वारा

पैशांचं मी सांगते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च. २० मार्च २०२० ला त्यांनी एक शुक्रवार आपला वाटा सोडला, तेव्हापासून वर्षात काही शुक्रवार तसे असतात. ती तारीख गाठा, त्या दिवशी लोक मुद्दाम खरेदीला येतात.

पैसे पेपालवर येतात. त्याला पॅन जोडावं लागतं आणि ‘पर्पज कोड’ (पैसे कशाचे ते सांगणारा) निवडावा लागतो. तिथून ते आपोआप बँकेत जातात. पण भारतातल्या भारतात पेपालचे व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद आहेत, म्हणून सांगली-पुण्यातल्या मित्रांसाठी डाउनलोड कोड काढून ठेवा. ‘हवी ती किंमत द्या’ हा पर्याय ठेवताना शून्य चालेल असं लिहिलंत तर बहुतेक जण शून्यच देतात. मी देत आले आहे, म्हणून माहीत.

कॅसेट काढायचा मोह होईल. सी-६० च्या एका बाजूला २७ मिनिटं आरामात बसतात. पण ती पाठवायचा टपालखर्च बघून मग ठरवा.

प्रतिसाद : सहज आलो

संगीत म्हणायचं याला? आमचा फ्रीज रात्रभर हेच करतो आणि वर्गणी मागत नाही.

प्रतिसाद : खर्जातला

@सहज आलो, फ्रीज कुठल्या पट्टीत आहे ते कळवा, वापरू. बाकी, धागाकर्ते मिरजेचे आहेत म्हणून आठवण करून देतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. त्याच घराण्यातले पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि ला मॉन्टे यंग, टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार त्यांच्यासमोर तंबोरा घेऊन शिष्य म्हणून बसले. तासन्‌तास एकच नाद धरून ठेवणारं तिकडचं संगीत आणि आपला तंबोरा यांची ओळख जुनी आहे. फ्रीज नंतर आला.

टॅग लावताना ‘मेडिटेशन’ लिहू नका, तिथे झऱ्यांच्या खळखळाटात बुडाल. ड्रोन (म्हणजे अखंड नाद), फील्ड रेकॉर्डिंग आणि मिरज, इतकं पुरे.

प्रतिसाद : कागदोपत्री

परवानगी घ्याच. तुम्ही केलेल्या रेकॉर्डिंगचे हक्क तुमचे, पण चाचांनी तार छेडली, ते वादन ठरवलं तर कलाकाराचा हक्क येतो. कानस फिरवणं वादन आहे का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील. साध्या कागदावर मराठीत चार ओळी लिहा : काय मुद्रित केलं, कुठे काढणार, नाव द्यायचं का, पैसे आले तर किती वाटा. वाचून दाखवा, सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. आणि सहीआधी ऐकवा.

प्रतिसाद : धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. २८५.९ एमबी झाली, डिदर लावून. फाइल आणि कागद दोन्ही घेऊन काल दुकानात गेलो.

चाचांनी हेडफोन लावून पूर्ण २७ मिनिटं ऐकलं. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना हातानेच बसवलं. कागद वाचला, वाट्याचा मुद्दा खोडून टाकला. मग म्हणाले, “बाकी तुझं तू बघ, मला त्यातलं कळत न्हाई. पण मधे पाऊस वाढतोय तिथनं पंचम उतरलाय. माझं नाव घालून असला तंबोरा भाईर पाठवतोस व्हय?”

तो मी मुद्दाम वीस सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा भाग, उतरवला आहे. जोडाशी घासून त्यातून लाटा येतात, अर्धा तुकडा त्यावरच उभा आहे. हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुंटी पिळायला लागले.

सही दिली नाही. नाव काढलं तर सही देतो म्हणतात, पंचम चढवला तर नावासकट देतो म्हणतात. नाव काढायला मन होत नाही. रात्री पंचम चढवून पाहिला, लाटा गेल्या, पण कानस पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली. आता दोन्ही फाइल आलटून पालटून ऐकतोय. हा शुक्रवार काही गाठत नाही. पुढचा कधी आहे, कुणी सांगेल का?