एकच प्रसंग बातमीत, कथेत आणि पटकथेत कसा लिहावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार. मी शेती सांभाळून एका स्थानिक दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो आणि अधूनमधून कथाही लिहितो. मागील हंगामात हमीभाव खरेदी केंद्रावरून एका कास्तकाराचा कापूस परत गेलेला मी स्वतः पाहिला. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव मिळतो, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्यापुढे कापूस घेतला जात नाही. रात्रभर उघड्या मेटॅडोरवर दव पडल्याने मीटरने १४ दाखवले. ‘आकडा पाहताच त्यांच्या डोळ्यांसमोर मुलीचे लग्न उभे राहिले’ हे माझे वाक्य उपसंपादकांनी बातमीतून काढून टाकले. तेच वाक्य कथेत ठेवले तर कथा रडकी होते, आणि मित्र याच प्रसंगावर लघुपट करू म्हणतात तेव्हा ते पडद्यावर कसे आणावे हे सुचत नाही.

उत्तर १ (गडचिरोली जिल्हा)
भाऊ, मी झाडीपट्टीसाठी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटके लिहितो. आमचा प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो, त्यामुळे ज्या प्रवेशात कोणाला काही हवे नसते आणि शेवटी काही बदलत नाही, त्या प्रवेशाला प्रेक्षक चहाच्या टपरीकडे निघतात. तुमच्या कास्तकाराला काय हवे ते स्पष्ट आहे : कापूस आज काट्यावर चढावा. १४ हा आकडा आला, पण त्यानंतर तो काय करतो हे तुम्ही सांगितलेलेच नाही. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून आतला कोरडा कापूस ग्रेडरपुढे (कापसाची प्रत तपासणाऱ्यापुढे) धरला, तर लग्नाच्या आठवणीची गरजच उरत नाही. ‘त्याला आठवले’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. शिवाय पटकथेचे एक पान साधारण एक मिनिटाचे धरतात, म्हणून आवार, रांग आणि शेकोटी यांत दोन पाने घालवू नका. मीटर कापसात जातो तिथूनच सुरुवात करा.

उत्तर २ (अमरावती जिल्हा, निवृत्त उपसंपादक)
ही सूचना लघुपटासाठी उत्तम आहे, परंतु बातमीत तो हात खरोखर खुपसला गेला असेल तरच येईल. आपण हजर नसलेला प्रसंगही वार्ताहराला लिहिता येतो : अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी १९४६ साली हिरोशिमाला गेला तेव्हा अणुबॉम्ब पडून महिने लोटले होते, तरीही वाचलेल्या सहा जणांना विचारून त्याने त्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी कोण काय करत होते ते उभे केले. याउलट वॉशिंग्टन पोस्टमध्ये १९८० साली छापून आलेला आठ वर्षांचा व्यसनी मुलगा अस्तित्वातच नव्हता, आणि त्या वृत्तांताला मिळालेले पुलित्झर पारितोषिक १९८१ मध्ये परत करावे लागले. तुमच्या वाक्याची अडचण एवढीच, की तुम्ही त्या माणसाला विचारले नव्हते. (डेस्कवर असताना अशी ‘उभी राहिलेली लग्ने’ मी किती कापली, याची गणती नाही.)

उत्तर ३ (वर्धा जिल्हा)
कथेपुरते एक सांगते. कथाकाराला मनात शिरण्याची मुभा आहे, पण तुम्ही शिरून तिथे वाचकाला आधीच ठाऊक असलेले दुःख शोधता. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचणी सुरू करणारी त्याची बायको घरी वाट पाहत असेल, तर परतलेला मेटॅडोर अंगणात शिरताना तिच्या नजरेतून लिहून पाहा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल मी त्या कास्तकारांच्या घरी जाऊन विचारून आलो. मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वीच झाले आहे. मीटरकडे पाहताना, मेटॅडोरचे आणखी एका दिवसाचे भाडे कोणाकडून उसने घ्यावे, एवढेच त्यांच्या मनात होते.