सवलतीच्या दुकानातून काय घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये? सल्ला हवा आहे

रिकामी पिशवी:
नव्या घरात लागणाऱ्या किरकोळ वस्तू मी एकाच फेरीत सवलतीच्या दुकानातून आणल्या आणि वर्ष उलटायच्या आत त्यांतल्या निम्म्या कचऱ्यात गेल्या. वस्तू मोडल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही, कारण त्यांची किंमतच तेवढी होती. चीड येते ती जाताना त्या दुसरे काहीतरी सोबत घेऊन गेल्याची. कपाटाच्या बिजागरीचा एक स्क्रू घट्ट करायला गेलो, तर दुसऱ्याच पिळाला स्क्रूड्रायव्हरचे टोक गोल झाले, स्क्रूच्या डोक्यावरची फुलीची खाच घासून वाटीसारखी गुळगुळीत झाली, आणि आता तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. दार तेव्हापासून तिरके लोंबकळते आहे. भिंतीवरच्या घड्याळातले सेल पाझरले, स्प्रिंगवर पांढरी पूड साचली आणि घड्याळ थांबले. चार्जिंगची केबल अजून जिवंत आहे, पण फोन भरायला ती जुन्या केबलच्या दुप्पट वेळ घेते.

दुकानच वर्ज्य करावे असे मला वाटत नाही, कारण तिथल्याच काचेच्या बरण्या आणि कपड्यांचे चिमटे उत्तम चालले आहेत. मग वस्तू हातात घेऊन उभे असतानाच हा फरक कसा ओळखावा? आणि तो अडकलेला स्क्रू कसा काढावा, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

पाना-पकड:
आधी स्क्रू. रुंद रबरबँडचा एक तुकडा खाचेवर ठेवा, त्यावर चांगल्या स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवा आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर देऊन अगदी सावकाश उलटे पिळा. खाचेची झिजलेली जागा रबर भरून काढते आणि टोकाला पकड मिळते. तेवढ्याने भागले नाही आणि डोके थोडे वर आलेले असेल, तर पकडीच्या जबड्यात ते घट्ट धरून फिरवता येईल.

आता कारण. स्क्रूड्रायव्हरचे टोक कडक केलेल्या पोलादाचे असावे लागते. स्वस्तातल्या नगाला पुष्कळदा नुसती चकाकी असते आणि आतले लोखंड मऊ असते, शिवाय टोकाचे कोनही नेमके घडवलेले नसतात. मात्र तुमच्या बाबतीत सगळा दोष दुकानाचाच असेल असे नाही. कपाटाच्या बिजागऱ्यांना बऱ्याचदा 'पोझीड्राइव्ह' जातीचे स्क्रू असतात, आणि नेहमीचा फुलीचा, म्हणजे 'फिलिप्स' जातीचा स्क्रूड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, नुसता बसल्यासारखा वाटतो. शेजारचा शाबूत स्क्रू उजेडात पाहा: फुलीच्या चार फांद्यांच्या मधे आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसल्या, तर तो पोझीड्राइव्ह आहे आणि त्याला त्याच जातीचे टोक लागेल.

उशिरा शहाणा:
पेन्सिल सेलच्या अंगावरची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्या. 'आर ६' असे छापलेले असेल तर तो कार्बन-झिंकचा साधा सेल असतो आणि 'एलआर ६' असेल तर अल्कलाइन. ठळक अक्षरांतल्या 'हेवी ड्युटी' या शब्दांना भुलू नये, कारण ते बहुधा पहिल्याच प्रकारावर आढळतात. साध्या सेलमध्ये जस्ताचे डबडे हेच एक अग्र असते, त्यामुळे सेल वापरला जाईल तसे त्याचे स्वतःचे आवरण आतून झिजत जाते आणि अखेर त्याला भोक पडून आतला द्राव बाहेर येतो. घड्याळाला वीज अत्यल्प लागते, म्हणून सेल महिनोन्‌महिने आत राहतो आणि तो संपल्याचे काटे थांबेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अल्कलाइन सेलही पाझरतात, हे अनुभवाने सांगतो, त्यामुळे कोणताही सेल संपला की लगेच काढावा. घड्याळाची आशा सोडू नका: हातमोजे घालून पूड ओलसर कापसाने टिपा, पूर्ण वाळू द्या आणि स्प्रिंगचे टोक बारीक पॉलिशपेपरने हलके घासा.

तारयंत्र:
केबलचा हिशोब सोपा आहे. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तांब्याची तार सुमारे ०.३२ मिलिमीटर जाड असते आणि २४ गेजची सुमारे ०.५१. एक मीटर लांबीच्या केबलमधून २ अँपिअर वीज वाहू लागली, की जाणारी आणि येणारी तार मिळून ५ व्होल्टपैकी जवळजवळ ०.८५ व्होल्ट बारीक तारेतच जिरतात, तर जाड तारेत साधारण ०.३५. दाब एवढा खाली आला की फोन स्वतःच वीज कमी घेऊ लागतो, म्हणून तुमचा वेळ दुप्पट झाला. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम वापरले असेल तर अवस्था याहून वाईट असते. केबल घ्यायचीच असेल तर आखूड घ्या आणि आवरणावर गेज छापलेले नसेल तर खाली ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र अशा ठिकाणी कधीही घेऊ नये. मी उघडलेल्या एका बोर्डात तिसऱ्या पिनेसाठी भोक होते, पण त्याच्या मागे अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती.

काटकसरी:
मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. अवजार आधी स्वस्तातले घ्यावे आणि ते वापरून मोडले तरच चांगले घ्यावे, हा माझा जुना नियम आहे आणि त्यात माझे पुष्कळ पैसे वाचले आहेत.

पाना-पकड:
ते मोडल्यावर फक्त तेच मोडणार असेल, तर नियम उत्तम आहे. रंगाचा ब्रश, खरवडणी, कुंडीतले खुरपे खुशाल घ्यावे. पण आकडा निसटला की त्याला टांगलेला आरसा फुटतो आणि मोजपट्टी चुकली की फळी आखूड कापली जाते. तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. मोजपट्टीच्या टोकाची पत्ती थोडी हलते हा मात्र दोष समजू नये. आतून आणि बाहेरून माप घेताना पत्तीच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून ती मुद्दाम तेवढीच सैल ठेवलेली असते.

उशिरा शहाणा:
प्लास्टिकच्या डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तोही पाहावा. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन, जे वारंवार वाकवले तरी सहसा तुटत नाही, म्हणून झाकणाची बिजागरी त्याचीच बरी. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन. ते चकचकीत दिसते, पण हातून पडले की तडकते.

रिकामी पिशवी:
सर्वांचे मनापासून आभार. रबरबँडने पहिल्या दोन वेळा दाद दिली नाही, तिसऱ्या वेळी स्क्रू करकरला आणि सुटला. शेजारच्या स्क्रूवर त्या चार बारीक रेघा स्पष्ट दिसतात, त्यामुळे त्या स्क्रूड्रायव्हरला मी उगाचच सगळा बोल लावला, असे म्हणावे लागेल. अर्थात त्याचे टोक गोल झाले ते झालेच. घड्याळ चालू झाले आहे. एक्स्टेन्शन बोर्ड मीही तिथूनच आणला होता, हे पहिल्या संदेशात लिहायचे राहिले होते. आज तो उघडून पाहिला आणि पुन्हा न जोडता कात्रीने त्याची वायर कापून टाकली.