पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पंखांवरचे बारकावे उन्हात पुसले जातात, उपाय सुचवावा

प्रश्न :
नमस्कार. मी इंदूरचा रहिवासी असून पावसाळा सरल्यावर जवळच्या रालामंडल अभयारण्याच्या पायवाटेवर एकदांडीच्या फुलांवर येणाऱ्या फुलपाखरांची छायाचित्रे काढतो. माझ्याकडे १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून लहान वस्तू टिपणारी) आहे आणि फ्लॅश वापरण्याची इच्छा नाही. सकाळी अकराच्या सुमारास काढलेल्या चित्रांत पांढरे पंख कोऱ्या कागदासारखे येतात, आणि डोळा स्पष्ट आला तर पंखाची कड धूसर होते. वेळ बदलावी की कॅमेऱ्याची मांडणी?

उत्तर १ :
दोन्ही बदलावे, पण आधी वेळ. उडण्यासाठी लागणारी ऊब फुलपाखराला बहुतांशी उन्हातूनच मिळवावी लागते. त्यामुळे सकाळी आठच्या आसपास, ऊन तिरके आणि मवाळ असताना, ब्लू पॅन्सीसारखी फुलपाखरे पंख पसरून बराच वेळ एका जागी बसतात. अकरापर्यंत ती तापलेली असतात आणि एका फुलावर क्षणभरही ठरत नाहीत.

धूसर कडेचे कारण कोनात आहे. फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर, सेन्सरवर खऱ्या आकाराच्या निम्मे उमटणारे चित्र एफ/८ ला (लेन्सच्या छिद्राचे माप) घेतल्यास स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम तीन मिलिमीटर मिळते. ग्रास यलो हे छोटे पिवळे फुलपाखरू पंख मिटून बसते, म्हणून त्याच्या अगदी बाजूला येऊन कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर धरावी. मग डोळा, पंखाची कड आणि एकदांडीच्या पिवळ्या गोंड्यात खुपसलेली सोंड हे सारे त्या तीन मिलिमीटरांत सामावते. शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, कारण वाऱ्याने एकदांडीचा लांब दांडा सतत डोलत असतो. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० पर्यंत वाढवावा लागला तरी हरकत नाही.

पांढऱ्या पंखांबाबत एवढेच, की मागे गडद गवत असले तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर त्या गडदपणामुळे फसतो आणि प्रकाश वाढवतो. एक्सपोजर (चित्रात घेतला जाणारा प्रकाश) दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा वा दुप्पट) कमी करावे आणि रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, चित्र घ्यावे.

उत्तर २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे; मात्र समोरून पडणाऱ्या उन्हाचाच आग्रह धरू नये असे माझे मत आहे. ग्रास यलोचे पंख इतके पातळ असतात, की सूर्य मागे ठेवला तर ते आतून उजळतात आणि एरवी न दिसणाऱ्या शिरा स्पष्ट होतात. अशा वेळी पार्श्वभूमी सावलीतली निवडावी. ऊन फारच कडक असेल तर बटर पेपर ताणून बसवलेली चौकट सोबत्याला धरायला सांगावी, परंतु ती हळूहळू आणावी, कारण अंगावर एकाएकी सावली पडताच फुलपाखरू उडून जाते.

उत्तर ३ :
पाठलाग करण्यापेक्षा झाड ओळखून तिथे थांबणे मला अधिक योग्य वाटते. रुईच्या पानांवर प्लेन टायगर या फुलपाखराची मादी अंडी घालते, त्यामुळे रुईजवळ फुललेले रानफूल दिसले की तिथेच कोपरे जमिनीला टेकवून बसावे. मध्ये येणारे गवत उपटू नये. कपड्यांच्या चिमट्याने बाजूला धरून ठेवावे आणि निघताना सोडून द्यावे. फुलपाखरू स्थिर बसावे म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो कृपया मानू नये.