जुना हातातला रेडिओ स्कॅनर बदलायचाय: नवा स्कॅनर की डोंगल?

बायणेकर: वीस वर्षं वापरलेला २०० चॅनलचा स्कॅनर (चॅनल बदलत रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा) आता थकलाय. स्क्वेल्चचं (रिकाम्या चॅनलची खरखर दाबणारं) बटण फिरवलं की खरखरतं, खाऱ्या वाऱ्याने अँटेनाच्या रबराला भेगा पडल्यात. काल सेलचा कप्पा उघडला तर स्प्रिंगा हिरव्यागार! दात घासायच्या जुन्या ब्रशने अर्धा तास घासत होतो. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे. ऐकतो ते मुख्यतः हॅमचा २ मीटर बँड (फ्रिक्वेन्सींचा पट्टा), आणि अवकाश स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झ. मुलगा म्हणतो, यूएसबी डोंगल घ्या, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ. मी म्हणतो, नवा हातातलाच स्कॅनर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे वीज गेली, मोबाइल मुका झाला, पण हा पेन्सिल सेलवर चालूच होता.

साखळीचा सुशांत: काका, मुलाचं ऐका. स्कॅनर एकेक चॅनल तपासत पुढे जातो. तो दीडशेव्या चॅनलवर असताना तिसऱ्यावर कुणी दोन शब्द बोललं तर तुम्हाला कळणारच नाही. डोंगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पडद्यावर दाखवतो. आपला २ मीटर बँड १४४ ते १४६, म्हणजे अख्खा बँड एका नजरेत! कुणी बोललं की रेघ उमटते, रेकॉर्डही होतं. डीएमआरवर (डिजिटल बोलण्याची एक पद्धत) तुमच्या जुन्या स्कॅनरला नुसती घरघर ऐकू येते. इथे सॉफ्टवेअर टाकलं की आवाज येतो, अर्थात कूटबद्ध नसेल तर. आणि नव्या स्कॅनरच्या मानाने किंमत किरकोळ.

बायणेकर: रेघ दिसते हे खरं. पण जवळ एफएमचा टॉवर असला की स्वस्त डोंगल गुदमरतो, नको तिथे भुतासारखे सिग्नल दिसायला लागतात. मित्राच्या घरी हे डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय त्याला लॅपटॉप नाहीतर फोन लागतो. वादळात तोच आधी मान टाकतो.

साखळीचा सुशांत: त्यावर एफएम फिल्टर मिळतो, काका. आणि वादळ रोज येत नाही.

मडगावची मेधा: दोघेही एक गोष्ट विसरताय. आपल्याकडे वायरलेस उपकरण नुसतं बाळगण्यावरही १९३३ च्या कायद्यापासून बंधनं आहेत. हॅमचा परवाना म्हणजे काहीही ऐकायची मुभा नव्हे. विमानतळाचं, पोलिसांचं बोलणं त्यात बसत नाही. ऑनलाइन दिसलं म्हणून मागवूही नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा दिल्या होत्या. कागदपत्रं नीट असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

पेडण्याहून: बायणेकर, एक विचारू? तौक्तेत तुम्ही ऐकलंत, पण उत्तर देता आलं का?

बायणेकर: नाही. घरातला सेट विजेवरचा, तो बंद. एक जण पुन्हा पुन्हा विचारत होता, "वास्कोत कोणी ऐकतंय का?" मी ऐकत होतो. हातात फक्त कान होता, तोंड नव्हतं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

पेडण्याहून: मग स्कॅनर नको, डोंगलही नको. हॅमचा हातातला ड्युअल बँड (दोन बँडांवर चालणारा) सेट घ्या. तो परवान्यात बसतो, ठरावीक चॅनल स्कॅन करतो, आणि बटण दाबलं की बोलताही येतं. जोडीला एक जादा बॅटरी भरून ठेवा. जुन्या स्कॅनरचं बटण कॉन्टॅक्ट क्लीनरने सुधारेल, तो टाकू नका.

मेधा: याला माझा पाठिंबा. पावती मात्र जपून ठेवा.

बायणेकर: पटलं. यंदाचा पाऊस लागायच्या आत सेट घेतो. जुना राहील खिडकीत.

साखळीचा सुशांत: बोलता येणं महत्त्वाचं, ते मान्य. पण ऐकायच्या बाबतीत मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. सेट स्कॅन करताना त्याच जुन्या पद्धतीने एकेक चॅनल पाहणार, आणि त्या रात्रीच्या माणसाने दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हाक मारली असती तर ती तुमच्या कानावर कशी पडली असती?